डावा खांब

राजवाडा, रंगशाळा
४ मार्च १९७८

ती. एनिडआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा संत्र्याचा मुरंबा पोचला. बाबांनी निम्मी बरणी उभ्याउभ्या संपवली आणि वर म्हणाले, साखर जास्त झालीय.

माझ्या तात्पुरत्या नोकरीचे सहा महिने या महिनाअखेर संपतात. आमचे प्रमुख पेलहॅमसर खूश झाले तर कायम व्हायचं पत्र मिळेल. घरातली पहिली पदवी, आता राजवाड्यात जुनी चित्रं दुरुस्त करायची कायम नोकरी, म्हणून आई माझ्यासाठी कोट शिवायला बसली आहे.

ते पत्र एका अहवालावर अडलंय. मोठा जिना तू पाहिलाच असशील. भिंतभर ढगांत लोळणारे देव, आणि वरच्या दाराच्या दोन बाजूंना सपाट गिलाव्यावर रंगवलेले संगमरवरी खांब. युद्धाच्या वेळी छप्पर गळून त्यातला एक वाहून गेला होता, तो १९४८ साली पुन्हा रंगवला. कामांच्या जुन्या वहीत नोंद सापडली : ‘टकवेल आणि मुलगे, खांब एक.’ म्हणजे माझे आजोबा, तुझे वडील! पण कोणता खांब, ते लिहिलेलं नाही. सर म्हणतात, डावा झळझळीत खांब मूळ उस्तादाचा, आणि उजवा मळकट खांब म्हणजे अडाणी हाताची नक्कल. तेरा तारखेपासून उजवा खरवडायचा. तसा अहवाल मी लिहायचा, खाली सही माझी.

बाबा म्हणतात, कर सही, आजोबा काही भांडायला उठून येत नाहीत. पण आजोबांनी इतकं गचाळ काम केलं असेल, हे मला पटत नाही. तुला काही आठवतंय का?

लोभ आहेच, या खेपेस तो जरा घाईने टपालात टाक.
तुझी,
हेझल


मार्गेट
७ मार्च

चि. हेझल,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या साहेबांना नमस्कार सांग, आणि स्तुतीबद्दल आभारही. डावा खांब माझा आहे.

तुझ्या बापाला काय माहीत असणार? तो तेव्हा बारा वर्षांचा, दिवसभर नदीवर गळ टाकून बसलेला. आमचा थोरला भाऊ रेजीदादा ब्रह्मदेशातल्या लढाईतून परत आला नाही. तुझ्या आजोबांचे हात थरथरायला लागले होते. राहिले मी. सात आठवडे परांचीवर बसून हंसाच्या पिसाने संगमरवराची एकेक शीर ओढली. सुतार खालून विचारायचे, खांबाला झालर लावणार का, एनिडबाई? मी वरून रंगाचा डबा थोडा कलता करायची.

उजवा उस्तादाचा. त्यावर शेकडो वर्षांच्या मेणबत्त्यांची काजळी, शिवाय दर पिढीने चोपडलेलं तेल. मळका दिसेल नाहीतर काय? त्यातून त्याने तो घाईतही उरकलाय. जेवायची वेळ झाली असावी.

पुरावा हवा असेल तर कठड्यामागे गुडघे टेकून डाव्याचा पायथा बघ. तिथे दोन शिरा एकमेकींना छेदून फुली झाली आहे. आजोबा शिकवायचे, दगडातल्या शिरा भेटतात, फुटतात, पण छेदत नाहीत. छेदली की बोटांवर पट्टी बसायची. ती फुली मी मुद्दाम टाकली. नक्कल करावी, फसवू नये. वाकून बघेल त्याला कळावं, एवढीच इच्छा होती. तीस वर्षांत कुणी वाकलं नाही.

खरवडायचाच असेल तर माझा खरवडा. उजव्याला हात लावलात तर मी छत्री घेऊन तिथे येईन.

आशीर्वाद पाठीशी आहेत. गुडघे मात्र तुलाच टेकायचेत.
तुझी आत्या,
एनिड


राजवाडा, रंगशाळा
१७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फुली आहे. मागच्या शुक्रवारी सगळे चहाला गेल्यावर मी गुडघे टेकून पाहिली.

मग उजव्या खांबाचा तळहाताएवढा कोपरा पुसला. काजळीच काजळी, तीही मेणबत्त्यांची. १९४८ च्या रंगावर ती कुठून बसणार? तेव्हा तर वाड्यात वीज होती. सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून तो कोपरा जवळून पाहिला. मग म्हणाले, ठीक आहे, खरवडणं रद्द. पण अहवालात दोन्ही खांब जुनेच लिही, कारण माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर डावाच छापलाय. शिवाय तुझं आडनावही टकवेल, लोक म्हणतील पोरगी घरच्यांची टिमकी वाजवते. आणि खण उघडून त्यांनी माझं कायम व्हायचं पत्र दाखवलं.

मी म्हणाले, “सर, मी खरा नाही, हे त्या खांबाने स्वतःच्या अंगावर लिहून ठेवलंय. त्याच्याहून खोटं मी लिहिणार नाही.”

अहवाल खरा लिहिला, त्याच्या तीन प्रती केल्या, एक थेट राजवाड्याच्या देखभाल समितीला पाठवली. काल अध्यक्षबाई आल्या. सत्तरीच्या असतील. माझ्या खांद्याचा आधार घेऊन गुडघ्यांवर बसल्या आणि फुली पाहिली. उठल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की या बाई हयात आहेत का. उजवा वाचला. डावाही राहील, शेजारी तुझ्या नावाची पाटी लागेल.

माझं पत्र अजून खणातच आहे. एक एप्रिलपासून मी बहुधा घरी. आईने कोटाची एक बाही शिवायची तशीच ठेवली आहे. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. आज मात्र तिकीट काढून जिना चढून आले आणि म्हणाले, मला वाटायचं, एनिड तेव्हा शिवण शिकायला जात होती.

वहीतल्या नोंदीखाली मी लिहिलंय : ‘मुलगे नव्हे. एनिड टकवेल.’ चालेल का, असं विचारत नाही. कळवते आहे.

लोभ वाढेल असं काम केलंय, असं समजते.
तुझी,
हेझल


मार्गेट
२२ मार्च

चि. हेझल,
अनेक आशीर्वाद, आणि एक सलाम.

सोबत गुड फ्रायडेचे फुलीवाले पाव पाठवते. एक पेलहॅमसाहेबांना दे. ही फुली न वाकताही दिसते, म्हणावं.

आईला कोट पुरा करायला सांग, इथे वारा फार आहे. आमच्या जुन्या नाटकगृहाच्या छताचे पोपडे सुटताहेत, आणि तिथल्या लोकांना गुडघे टेकणारी पोरगी हवी आहे. मी शब्द टाकलाय.

तू वहीतले ‘मुलगे’ खोडलेस, म्हणून आता सांगते. एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. रेजी गेल्याची तार आली, त्या वर्षी आजोबांनी दुकानाची पाटी नव्याने रंगवायला घेतली. हात चालेना. ‘टकवेल आणि मुलगे’ ही अक्षरं मी रंगवली, सोनेरी, सावलीसकट. काम मुलगी करणार, पाटीवर मुलगे. जन्मात तेवढी एकच फसवी नक्कल केली. तिच्यात मी फुली टाकली नव्हती.

ती आता तू टाकलीस.

लोभ होताच. आता त्याला माझं नाव लागलं.
तुझी आत्या,
एनिड टकवेल