सेकंदाला वीस चित्रं

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक बाई दुकानात आल्या आणि मला त्यांचं सगळं कळलं! पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत! असं कधी होत नाही.

मी मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर होतो. नंदगडच्या लग्नाचा व्हिडिओ कापत होतो. गिऱ्हाईक आलं की फोटो स्टुडिओचे मालक मष्णू अण्णा मला काउंटरवर येऊ देत नाहीत. ऐकू येणाऱ्यांना दोनदोनदा बोलायचा कंटाळा येतो, दुकानाचं नाव खराब होतं. चूक त्यांचीही नाही. सातव्या वर्षी तापात माझे कान गेले, तेव्हापासून सतरा वर्षं मी लोकांचे ओठ वाचतो. पण अण्णांची मिशी एवढी झुपकेदार की खाली ओठ आहेत का नाहीत तेच कळत नाही. म्हणून ते चिठ्ठ्या लिहितात. आजची चिठ्ठी — "भाईर ये. एक बाई हाय. आवाजच न्हाय तिला. मला काय समजंना."

बाहेर गेलो. साठीच्या बाई, निळी साडी, गळ्याला पांढरं फडकं. माझ्याकडं बघून त्यांनी ओठ हलवले —

"ह्यात माझं भाषण हाय, बाळा. लई पळतंय. सरळ करून दे."

लख्ख! आवाज नाही म्हणून त्या एकेक शब्द ओठांनी नीट कोरून बोलतात. मी म्हटलं, "पेन ड्राइव्ह ठेवून जावा. बघतो." त्यांनी माझा हातच धरला. म्हणाल्या, "बारा वर्सं झाली, सगळी गळ्याकडं बघत्यात. तूच एकटा तोंडाकडं बघालास."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

त्यांचं नाव गुणाबाई. निपाणीच्या. सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. मुलगी समता इथं बेळगावात वकील आहे, ती आज आली आणि अण्णांना सगळं सांगितलं. २०१० साली गुणाबाईंनी वखारीतल्या बायकांच्या मुलींसाठी रात्रीची शाळा सुरू केली, त्या दिवशी त्यांनी भाषण केलं. एका मास्तरांनी छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर ते घेतलं. कॅमेरा भंगारात गेला, कार्ड हरवलं. कुठल्यातरी दुकानातून करून घेतलेली पेन ड्राइव्हवरची नक्कल तेवढी राहिली. पुढं तीन वर्षांनी गळ्याचा कॅन्सर. ऑपरेशनमध्ये आवाज गेला तो गेलाच.

आता तेवीस तारखेला निपाणीच्या बायका गुणाबाईंचा सत्कार करणार आहेत. आणि त्या अडून बसल्यात — "मुकी बाहुली हून शाल घ्यायला मी जाणार न्हाय. माझं भाषण लावा, तर येतो."

व्हिडिओ बघितला. अरे देवा! माणसं मुंग्यांसारखी पळतात. गुणाबाईंचा हात दाणे टिपणाऱ्या कोंबडीच्या चोचीसारखा वरखाली. अण्णांची चिठ्ठी — "आवाज उंदरागत चिरकतोय."

समता अण्णांना आणखी काहीतरी म्हणाली. मला दिसू नये म्हणून पाठ फिरवून. पण समोर फोटो काढायच्या आधी केस विंचरायला लावलेला मोठा आरसा आहे! आरशात वाचलं — "आवाजाचं काम हाय हो हे. ह्यांना कसं जमंल?"

जमेल. जमलंच पाहिजे आता!

८ नोव्हेंबर, शनिवार

व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेग चुकून वाढलाय का? नाही. दुसरा प्रोग्रॅम घातला. तेच. अण्णांचा लॅपटॉप. तेच. म्हणजे खोट कॉम्प्युटरमध्ये नाही, फाइलमध्येच.

मग सापडलं! व्हिडिओत गुणाबाईंच्या मागं भिंतीवर घड्याळ आहे! सेकंद काटा मोजायचा, खऱ्या मिनिटाशी ताडून बघायचा, झालं काम! मोठं करून बघितलं. चार वाजून वीस मिनिटं. भाषण संपलं तरी चार वाजून वीस मिनिटं.

बंद घड्याळ! हॉलवाल्यांनो, एक सेल घातला असता तर काय बिघडलं असतं!

१० नोव्हेंबर, सोमवार

जमलं!! जमलं!! आधी ते लिहितो, मग कसं ते.

काल घरी काकतीला आईशी बोलताना सुचलं. आई घाईत बोलली की मला ओळ लागत नाही. हळू बोलली की लागते. मग गुणाबाईंचेच ओठ माझं घड्याळ! ज्या वेगाला ते वाचता येतील तो खरा वेग.

पण कितीवर थांबायचं? अंदाजपंचे नको होतं. फाइलची माहिती उघडली. सेकंदाला तीस चित्रं, असं लिहिलेलं. व्हिडिओ म्हणजे शेवटी भराभर दाखवलेले फोटो. हॉल तर अंधारा. अंधारात असले जुने छोटे कॅमेरे तीस काढतच नाहीत. वीस काढतात, नाहीतर पंधरा. नक्कल करणाऱ्यानं सगळ्यावर तीसचा शिक्का मारून दिला असणार. कमी काढलेली चित्रं जास्त वेगानं दाखवली की माणसं पळणारच! आणि त्यांच्याशी जुळावा म्हणून आवाजही पळवलेला.

आधी पंधरा लावून बघितलं. गुणाबाई म्हशीसारख्या रवंथ करायला लागल्या. मग वीस.

आणि त्या बोलल्या.

"पोरीहो, तंबाखूच्या धुरळ्यात माझी शाळा गेली. तुमची मी जाऊ देणार न्हाय."

चार मिनिटांचा व्हिडिओ सहा मिनिटांचा झाला आणि मी सगळं भाषण वाचलं. तीन वेळा. आजवर सभेला गेलो की भाषण करणारा लांब, ओठ माइकमागं, मी आपला लोकांनी टाळ्या वाजवल्या की टाळ्या वाजवणारा. अख्खं भाषण आयुष्यात पहिल्यांदा कळलं!

११ नोव्हेंबर, मंगळवार

गुणाबाई आणि समता आल्या. व्हिडिओ लावला. अण्णांनी अंगठा वर केला. समताचे डोळे भरले. "हाच! हाच आईचा आवाज!"

गुणाबाईंनी मान हलवली. आडवी.

"माझा न्हवं ह्यो."

समता म्हणाली, "आगं आई, मी रोज फोनवर हेच भाषण ऐकतो की. हाच हाय."

"रोज ऐकतीस ती पळालेली बाई. मी न्हवं."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी काय सांगणार? ओठ बरोबर आहेत, ते शपथेवर सांगतो. आवाज बरोबर आहे का चूक, ते मला कोण सांगणार?

१२ नोव्हेंबर, बुधवार

अण्णांची चिठ्ठी — "ग्वाड आवाज हाय की. लेकीला पसंत हाय. देऊन टाक." कुणालाही कळलं नसतं. फक्त त्यांनाच कळतंय. आणि मला माहीत आहे की त्यांना कळतंय.

व्हिडिओ दिला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कान गेल्यावर माझी बोली बिघडायला लागली, तेव्हा आई माझा तळहात स्वतःच्या गळ्यावर ठेवायची आणि बोलायची. जाड आवाज हाताला कसा, बारीक कसा. आज दुपारी अण्णा जेवायला गेल्यावर स्पीकरवर तळहात टेकवला. गुणाबाईंचा व्हिडिओ लावला. बारीक चुणचुण. डास हातावर बसल्यासारखी. मग नंदगडच्या लग्नातल्या बाईचं बोलणं लावलं. ते भरीव लागलं. गुणाबाईंचा आवाज कुठल्याही बाईमाणसापेक्षा बारीक!

म्हणजे वेग उतरला, पण आवाज वरच अडकून राहिला. का?

एकेक खिडकी उघडत गेलो. वेगाच्या खिडकीत अगदी तळाला एक बारकी टिकली, बरोबरची खूण. वेग बदलला तरी आवाजाची पट्टी बदलू देऊ नका, अशा अर्थाची. प्रोग्रॅमनं ती आपणहून लावलेली! ऐकणाऱ्या लोकांच्या सोयीसाठी असेल. समताच्या फोनमध्येही हेच होत असणार. हळू करून ऐकलं तरी आवाज बारीक तो बारीकच.

टिकली काढली. हात टेकवला.

घर्रर्र! पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यासारखं! कोपरापर्यंत चढलं!

ही बाई खरंच अशी बोलायची? अण्णांना ऐकवलं नाही. आधी त्यांनीच ऐकायचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

समताचा चेहराच पडला. "हे काय? हा तर बाप्याचा आवाज वाटतोय!"

मी गुणाबाईंकडं बघत होतो. त्यांनी डोळे मिटलेले. भाषण संपलं तरी उघडले नाहीत. मग ओठ हलले.

"ह्योच. जाडच हुता माझा. वखारीतल्या बायका म्हणायच्या, गुणे, तू बोललीस की वरचं पत्रं हालतंय."

समता स्टुलावर बसली. "परत लावा." लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मध्येच तिनं तोंडावर हात घेतला. मग म्हणाली, "शाळंत सोडून जाताना गेटातनं वरडायचीस. समे, डबा खा! पोरी हसायच्या. मला लाज वाटायची." आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. गुणाबाई तिचे केस कुरवाळत नुसत्या हसत होत्या, लग्नात नवरी हसते तशा.

जाताना समता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोंड उजेडात धरून हळू म्हणाली, "माझं चुकलं. मी त्या दिवशी एक बोललो हुतो—"

"वाचलं," मी म्हटलं. "आरशात."

एवढी हसली की अण्णा मागच्या खोलीतून बघायला आले!

१७ नोव्हेंबर, सोमवार

अण्णांनी मिशी कापली!! माझ्यापुढं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता वाच." वाचलं!

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल इतका थकलो होतो की वही उघडवली नाही.

निपाणीचा हॉल. चारशेच्या वर बायका. खुर्च्या संपल्या, मागं सतरंजीवर बसलेल्या. मी कॉम्प्युटर सांभाळायला बाजूला. व्हिडिओ लागला आणि पहिल्याच वाक्याला पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. आवाज ओळखला त्यांनी! एकमेकींना ढोसत होत्या — "गुणी! आगं आपली गुणी!" मी बायकांचे चेहरे बघत होतो. सहा मिनिटं कुणी पापणी हलवली नसेल.

शाल झाली, नारळ झाला. मला वाटलं संपलं. तर गुणाबाई माइकपुढं गेल्या आणि मला बोटानं बोलावलं.

"आता नवीन भाषण. मी बोलतो, तू सांग."

माझा आवाज घर आणि दुकान सोडून आता कुणी ऐकत नाही. नाकातून येतो म्हणतात. कॉलेजात एकानं नक्कल केली होती, तेव्हापासून परक्या माणसांत मी तोंड उघडत नाही. मी हातानं नाही नाही केलं. त्या म्हणाल्या, "मला आवाज न्हाय तरी मी हुबी हाय. तुला तर हाय की रं!"

गेलो. माइक हातात. त्या ओठ हलवायच्या, मी बोलायचो. "बायांनो, माझा गळा कापला, तोंड न्हाय कापलं." मी म्हटलं. बायका हलल्या. "आजून लई बोलायचं हाय मला." म्हटलं. "आता मी कुणाला—"

आणि मी ठणकावून सांगितलं — "आता मी कुणाला पीत न्हाय!"

सगळा हॉल हसून लोटपोट! मला कळेना. गुणाबाईंचे खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी. त्यांनी हवेत बोटानं लिहिलं — भी. भीत न्हाय! प, भ, म — ओठांवर तिन्ही सारखेच, काय करू! मी माइकमध्ये म्हटलं, "भीत न्हाय! चूक माझी. पण पीत बी नसतील!" मग तर विचारूच नका.

वीस मिनिटं बोललो. वीस! शेवटी चारशे जणींचे हात वर, आणि पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या. टाळ्या तळपायातून वर आल्या.

घरी आईला सांगितलं, सगळ्यांपुढं बोललो म्हणून. तिनं माझा हात घेतला आणि माझ्याच गळ्यावर ठेवला.

२ डिसेंबर, मंगळवार

कार्यक्रमाला गळ्याच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांच्या चिठ्ठीवरून आज दवाखान्यात गेलो, तिथल्या माणसांचे ओठ वाचायला. अण्णांनी आठवड्याचे दोन दिवस मोकळे दिलेत. ऑपरेशन झालेली सात माणसं, कुणालाच आवाज नाही. चौथ्या खाटेवर सत्याप्पा, खानापूरकडचे. लिहिता येत नाही. नऊ दिवस एकच काहीतरी बोलतायत. सगळ्यांना वाटतंय पाणी मागतायत. "आजून दोन दिवस न्हाय द्यायचं, आप्पा," म्हणून पुतण्या समजूत काढत होता.

मी खाटेपाशी वाकलो. "परत बोला, आप्पा."

ते विचारत होते — "म्हातारीला सांगितलं का कुणी, मी जिता हाय म्हणून?"