वाडीच्या सीडीतला आवाज

अण्णा, आज सकाळपासून तुम्ही पडद्यावर बोलत होतात आणि मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. दादा मस्कतला होता, दोन वर्षं घरी आला नव्हता, तेव्हा त्याला वाडी दाखवायची म्हणून मी कॅमेरा मागून आणून शूटिंग केलं होतं, त्याची ही सीडी. खाऱ्या हवेने खराब होऊ नये म्हणून तुम्ही ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होतीत. तुमच्यामागे मीही तिथेच ठेवत आले. मागच्या आठवड्यात दादा फोनवर म्हणाला, "अण्णांचा आवाज आठवत नाही गं आता." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतोस! फोन ठेवून आठवायला बसले, तर मलाही आठवेना. खोकणं आठवतं, अडकित्त्याचा कटकट आवाज आठवतो, बोलणं नाही. फार घाबरले. बोर्लीच्या या घरात आता मी एकटीच असते, दूधवाल्याशी दोन शब्द झाले की दिवसाचं बोलणं संपतं. निदान तुमचं बोलणं तरी डोक्यात शिल्लक असेल असं धरून चालले होते.

सीडी घातली तर आधी चित्रच अडखळायला लागलं. तुम्ही पाऊल उचलायचात आणि तिथेच थिजायचात. सीडीवर चरे होते, म्हणून फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, तेव्हा कुठे नीट चाललात. पण मुके. सुरुवातीला ओठ हलत होते, पुढे तुम्ही गप्पच फिरत होतात, मला वाटलं दमला असाल. आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढली. स्पीकरची पिन काढली, तिच्यावर हिरवा कीट चढला होता, तो पदराने पुसला. तुम्ही म्हणाला असतात, "बाय, आधी वायर बघ, मग मशीनला शिव्या दे." हे वाक्य पाठ आहे, पण ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतं. शेवटी बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई आहेत, त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ताई, दुसरं कुठलं गाणं वाजतंय काय बघा." वाजलं. "मग स्पीकरला काय झालेलं न्हाय. तुमच्या प्लेयरला त्या फाइलीचा आवाज कळत नसंल. दुसरा प्लेयर टाका, फुकट मिळतो." नाव लिहून घेतलं, चष्मा लावून एकेक अक्षर टाइप केलं, आणि दुपारच्या चहाच्या वेळेला आवाज आला.

आधी नुसता वारा. मग तुम्ही, दादाला उद्देशून. "ही पोफळ बघ, तुझ्या बारशाच्या दिवशी मी हातानं लावली, तुझी आई म्हणाली..." आणि तुमच्या बोलण्यावर माझा आवाज, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, कर्कश: "अण्णा, मध्ये मध्ये बोलू नका हो! यावर गाणं टाकायचंय. नुसतं हाताने दाखवा." तुम्ही माझ्याकडे बघता, "बरं" म्हणता, आणि पुढे एकेका झाडाशी थांबून, तोंड मिटून, हाताने दाखवत जाता. तेव्हा लग्नाच्या, मुंजीच्या सगळ्या कॅसेटींवर गाणी असायची. मध्ये माणसाचं बोलणं आलं की शूटिंग बिघडलं असं आम्हाला वाटायचं. कुठलं गाणं टाकायचं ते ठरेना, म्हणून सीडी पाठवायची राहिली, आणि त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. आई काय म्हणाली होती, ते आता कुणाला विचारू?

तुम्ही रागावला नव्हतात, हे त्या "बरं"वरून कळतं. रागावला असतात तर चांगलं झालं असतं, चार शब्द जास्त मिळाले असते. मी ती सुरुवात किती वेळा लावली, सांगत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिते. संध्याकाळी दादाचा फोन आला होता. पोफळ त्याची, बोलणं त्याच्यासाठी, ते त्याच्या कानावर पडायलाच हवं होतं. पण त्यामागोमाग मीही ऐकू आले असते. मी त्याला सांगितलं, चित्र छान आलंय रे, आवाज मात्र काही केल्या येत नाही.