बेडकीचं माहेर

देवपूर, धुळे
श्रावण वद्य पंचमी, १९५५

तीर्थरूप नानांचे चरणी चुडामणचा साष्टांग नमस्कार.

इकडे मी खुशाल आहे, म्हणजे जेवतो आणि शाळेत शिकवायला जातो. आपल्या मोतीबिंदूचं काय ठरलं? कपाशी किती वर आली? (हे पत्र आपणांस जी व्यक्ती वाचून दाखवत आहे, तिचीही प्रकृती कळवावी. ती आखाजीच्या सणाला चार दिवसांसाठी म्हणून माहेरी पहूरला आली, त्याला आता चार महिने होत आले. बाळंतपणाला न्यायचा रिवाज सातव्या महिन्याचा, पण मी तक्रार करत नाही.)

पत्रास कारण बेडूक. वर्गात 'प्राणी पाण्यातून जमिनीवर कसे आले' हा धडा घ्यायचा होता आणि तपासणीला साहेब येणार होते. मी पांझरेकाठच्या डबक्यातून बेडकीची अंडी घमेल्यात आणली, आणि सरड्याची सहा अंडी मातीसकट घरमालकीण बेबाबाईंच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली. (बरणी मागितली होती; कशाला, ते सांगायचं राहून गेलं.) साहेब येणार म्हणून शिपाई जीवरामने वर्ग झाडला आणि घमेल्यातलं घाण पाणी इमानाने ओतून दिलं. अंडी मात्र जपून ठेवली. साहेब येईपर्यंत ती उन्हाने सुकून घमेल्याला चिकटली होती. शेजारी बरणीतली अंडी मजेत.

मग मी तेच दाखवून शिकवलं. बेडूक जमिनीवर कितीही उड्या मारो, अंडी घालायला बेडकीला पाण्याकडे परतावंच लागतं. पण तीसेक कोटी वर्षांपूर्वी तिच्या चुलत घराण्यातल्या, सरड्यांच्या पूर्वज मंडळींनी, पिढ्यान् पिढ्या खपून, एक युक्ती साधली. त्यांनी तळंच अंड्यात घेतलं. आत पाण्याची पातळ पिशवी, पिशवीत पिल्लू, त्याच्या शिदोरीला बलक आणि वरून कवच. मग रखरखीत माळावरही संसार थाटायला त्या मोकळ्या झाल्या. साहेबांनी विचारलं, "मग बेडकी अजून परत का जाते?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बाळंतपण माहेरी, साहेब." वर्ग हसला. साहेबांनी वहीत काहीतरी बरंच लांब लिहिलं.

बरणी मी घरी आणून ठेवली. रविवारी बेबाबाईंकडे हळदीकुंकू होतं आणि सरड्यांनी नेमका तोच मुहूर्त साधला. बायका खाटेवर, पिल्लं हळदीकुंकवाच्या तबकात. "हाई काय शे मास्तर? बठ्ठं घर सरडास्नं करी टाकं!" एवढं बोलून, सगळं घर सरड्यांचं केल्याबद्दल त्यांनी ती बरणी मला कायमची देऊन टाकली.

तर नाना, सांगायचं एवढंच की पाण्याकडे परत जाण्याचा प्रश्न तीस कोटी वर्षांपूर्वीच सुटला आहे. पहूरपर्यंत ती बातमी पोचायची राहिली असावी.

आपला जावई,
चुडामण

ता. क. सुगंधा, इथून पुढे मनात वाच. ओठही हलवू नकोस. नानांनी विचारलं तर सांग, शाई फुटली आहे. सगळा गोंधळ निवळल्यावर बरणीतलं शेवटचं अंडं फुटलं. एवढंसं ओलं पिल्लू, डोळे उघडे. "अगं, बघ," म्हणत मी मागे वळलो. मागे चूल होती, विझलेली. तुझ्या पोटातही तसंच एक तळं आहे आणि आपलं बाळ त्यात पोहतंय. ते हलायला लागलं ते तू तिकडे गेल्यावर. कसं हलतं, मला माहीत नाही. मला तुझी फार आठवण येते. बोलावल्याशिवाय जावयाने सासुरवाडीला यायचं नाही, आणि नाना काही बोलावत नाहीत.

ता. क. दुसरे. हेही मनातच. नानांची उत्तरं तूच लिहितेस, आणि तू बोट ठेवशील तिथे ते सही करतात. या वेळी त्यांनी न सांगितलेली एक ओळ घाल : 'जावईबापूंनी पत्र मिळताच निघावे.'

आता मोठ्याने : नाना, बाकी लिहिण्यासारखे काही नाही.