फ्यूज नसलेले मीटर आणि माझ्या पश्चातची व्यवस्था

मी, चित्रा भास्कर वैरागडे, वय अडुसष्ट, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. उलट "आई, आत्ताच काहून लिहून राहिली?" असे म्हणून मला थांबवण्याचेच प्रयत्न झाले. आत्ताच, कारण मेल्यावर लिहिता येत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी चिडून केले होते. ते रद्द समजावे. हेही चिडूनच लिहिते आहे, पण विचार करून.

कलम १. चौबे कॉलोनीतील राहते घर माझ्या एकटीच्या नावे आहे. ते माझी मुलगी राधिका हिला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण या कुटुंबात कागद शेवटपर्यंत वाचणारी ती एकटीच आहे. घर विकायचे झाल्यास खुशाल विकावे. भिंतींना कान असतात म्हणतात. या भिंतींनी पुरेसे ऐकले आहे.

कलम २. माझे दागिने नात अबोली हिला द्यावेत. ती माझ्याशी हिंदीत बोलते, मी तिच्याशी मराठीत, आणि आमचे कधी अडत नाही. जे घरात मराठीत बोलतात त्यांच्याशीच अडते.

कलम ३. शिलाई मशीन माझी नणंद इंदू हिला द्यावे. लग्नानंतर मी पहिल्यांदा हातात टेस्टर घेतला तेव्हा "बाईच्या हातात हे शोभते का?" असे ती चारचौघांत म्हणाली होती. त्या मशीनला मोटर मी बसवली आहे आणि ती आजवर एकदाही बंद पडलेली नाही. इंदूने शिवताना एवढे ध्यानात ठेवावे.

कलम ४. आता उरला औद्योगिक वसाहतीतले वर्कशॉप. हे कलम लांबेल. लांबू दे.

मोटर चालू-बंद करणारे आणि तिला जळण्यापासून वाचवणारे जे लोखंडी कपाट असते, ज्याला पॅनल म्हणतात, ते आम्ही बनवतो. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, यजमानांची जीभ गोड. त्यांनी गिऱ्हाइके आणावीत, मी वायरिंग करावे, असे आमचे चालले. राज्य वेगळे झाले, रायपूर राजधानी झाली, आणि नवा रायपूरच्या मोकळ्या माळावर इमारतींआधी पंपघरे उभी राहू लागली. तेवढ्यात यजमान गेले. मुलगा निरंजन पुण्याची नोकरी सोडून आला, वर्कशॉपचा कारभार पाहू लागला, आणि त्याने पहिले काम काय केले, तर माझी मीटरे कपाटात बंद केली.

मीटर म्हणजे वीज आहे की नाही आणि किती आहे हे दाखवणारे हातातले यंत्र. आमची मीटरे महाग होती. निरंजनने बाजारातून पिवळ्या स्वस्त मीटरांचा एक गठ्ठाच उचलून आणला.

"हे पॅनलवर चालणार नाही," मी म्हणाले.

"आई, याच्यावरही कॅट थ्री लिहून आहे. तुह्या मीटरवर लिहून आहे तेच."

"लिहून तर मी माह्या चपलेवरही देईन."

तो हसला. मी हसले नाही. घरातल्या टेबलपंख्याची वीज आणि मोटरच्या पॅनलची वीज यांत नळ आणि धरण यांच्याइतका फरक आहे. पॅनलवर कधी एकदम हजारो व्होल्टचा झटका येतो. तो मीटरने स्वतःच्या पोटात सोसावा, धरणाऱ्याच्या हातावर फेकू नये, यासाठी कॅट थ्री हा दर्जा असतो. हे मी त्याला चहाच्या वेळी, जेवणाच्या वेळी आणि एकदा त्याच्या सासऱ्यांसमोर सांगितले. कारभार त्याच्या हाती होता. मीटरे पिवळीच राहिली.

२०१४ च्या उन्हाळ्यात नवा रायपूरच्या एका पंपघरात मोटर सुरू होईना, म्हणून मी आणि आमचा इलेक्ट्रिशियन दयाराम नेवारे गेलो. दयाराम गोंदियाकडचा, निरंजनच्याच वयाचा. टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणाऱ्या सेन्सरचा बारीक करंट त्याने आधी मोजला. त्यासाठी मीटरची लाल वायर करंटच्या खाचेत घालावी लागते, आणि तिथून वीज जवळपास न अडता जाते. नंतर व्होल्टेज पाहायचे, तर ती वायर काढून दुसऱ्या खाचेत घालायची. तेवढ्यात दारातून साइटचे साहेब ओरडले, "पानी कब चालू होगा? ऊपर से फोन पे फोन आ रहा है!" दयारामने बटण फिरवले, वायर बदलायची राहिली, आणि त्याने दोन्ही टोके दोन फेजवर, म्हणजे दोन जिवंत तारांवर ठेवली.

आवाज झाला आणि पंपघर पांढरे झाले. मी मेन स्विच पाडला. दयाराम भिंतीला टेकून बसला होता, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. चष्मा काळा झाला होता. चष्म्यामागचे डोळे वाचले. हाताची सालटी निघाली होती.

इस्पितळात तो मला म्हणाला, "दीदी, गलती माहीच होती. वायर काढाचीच भुललो."

"हव, तुहीच होती. माणूस भुलतेच. मंग मीटर कशाले असते?"

चांगल्या मीटरमध्ये ही चूक झाली की आतला फ्यूज जातो, माणूस शिवी हासडतो आणि नवा फ्यूज टाकतो. प्रकरण तिथेच संपते.

मग चौकशीची बैठक झाली. निरंजन एक टाइप केलेला कागद घेऊन आला होता. त्यात लिहिले होते, "कामगाराचा निष्काळजीपणा." ठेकेदार माना डोलावू लागले. सगळ्यांच्या सोयीचा कागद होता तो. दयाराम तिथे नव्हता. त्याच्या हाताला तेव्हा पट्ट्या होत्या.

मी पिशवीतून त्याच गठ्ठ्यातले एक कोरे मीटर काढले, स्क्रूड्रायव्हर काढला, आणि टेबलावर ते उघडले. करंटच्या खाचेमागे जिथे फ्यूज असायला हवा, तिथे तांब्याची तार झाळलेली होती. बाहेर मात्र कॅट थ्री, ठळक अक्षरांत. मी म्हणाले, "दयारामने वायर बदलली नाही, हे खरे. पण हे मीटर त्याच्या हातात आम्ही दिले. तुमच्या कागदावर तेही लिहा."

लिहिले गेले. पुढच्या पंपघरांचे काम आमच्या हातून गेले.

परतताना त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर निरंजन गाडी चालवत होता. तो म्हणाला, "आई, तू मले सगळ्यांसमोर उघडं पाडलं."

"मी मीटर उघडलं. आतून तू निघाला."

हे वाक्य मला परत घ्यायचे नाही. पण त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणे मीठ-भाजीपुरते ठेवले, आणि मीही काही कमी हट्टी नाही. पिवळी मीटरे त्याने मुकाट्याने भंगारात टाकली आणि माझ्यासारखीच नवी मागवली. गिऱ्हाइकांना सांगे, "हमारी कंपनी की पॉलिसी है." कंपनीची! तेव्हाच मी ते जुने मृत्युपत्र केले. त्यात निरंजनला वर्कशॉपमधले एक स्टूल ठेवले होते.

दयारामचा हात भरला, पण बोटांत बारीक कामाची पकड परत आली नाही. आता तो वायरिंग करत नाही. तयार पॅनल तपासतो आणि नव्यांना तपासायला शिकवतो.

या दिवाळीनंतर एका राइस मिलमध्ये आमचे पॅनल लावायचे होते. मी पॅनलच्या मागे बसून जोडण्या पाहत होते. मिलचा माणूस स्वतःचे स्वस्त मीटर घेऊन आला आणि चालू लाइनवर लावू लागला. निरंजनने पॅनलचे दार बंद केले आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"पहले ये मीटर हटाओ. नहीं तो पॅनल वापस ले जाता हूँ."

"इतना क्या डरना, भैया?"

"मेरे आदमी का हाथ जला है. मीटर मैंने खरीदा था. माँ ने मना किया था."

पॅनलच्या मागे मी आहे हे त्याला माहीत नव्हते. मी पदर तोंडाला लावून बसून राहिले. मग नेमका वेळेवर संताप आला. इतकी वर्षे एका घरात राहून जे आईला मराठीत सांगता आले नाही, ते याने परक्या माणसाला हिंदीत सांगून टाकले! असला कसला हा मुलगा!

तर वर्कशॉप निरंजन व दयाराम नेवारे या दोघांना समसमान भागीदारीत द्यावे. अट अशी, की तेथील प्रत्येक मीटर निदान कॅट थ्री, सहाशे व्होल्टचे असावे. बाहेरून वीज जिथे इमारतीत शिरते तिथे कॅट फोर. छापील अक्षरांवर विसंबू नये, स्वतंत्र प्रयोगशाळेची खूण पाहावी. वायरी आणि टोकेही त्याच दर्जाची घ्यावीत. फ्यूज गेल्यास तसाच फ्यूज टाकावा, तार गुंडाळणाऱ्यास त्याच दिवशी घरी पाठवावे. आणि मीटरने "वीज नाही" म्हटले, तर ते आधी आणि नंतर चालू लाइनवर लावून पाहावे. मेलेले मीटरही "वीज नाही" असेच म्हणते.

कलम ५. वरील कलम मी काल निरंजनला वाचून दाखवले. मिलमधला प्रसंग आला तसा तो खाली पाहू लागला. भागीदारीवर भांडेल म्हणून मी तयारीत होते. तो म्हणाला, "दयारामले विचारलं का पण?"

विचारले नव्हते. दोघांनीही नव्हते. दयारामला बोलावले. त्याने उभ्यानेच ऐकले, आणि म्हणाला, "हव, राहीन मी. पण मीटर मी आणीन. दीदी नाही, निरंजन भैया नाही. माह्याशिवाय कोणी हात लावाचा नाही."

मी काही बोलायच्या आत निरंजन म्हणाला, "लिही आई. तसंच लिही."

तसे लिहिले आहे. मीटरांची खरेदी दयाराम नेवारे करतील व त्यांचा शब्द अखेरचा राहील.

मला आणखी कोणाला काही द्यायचे नाही आणि कोणाकडून काही ऐकायचेही नाही. सर्व मजकूर मी स्वतः पुन्हा वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करत आहे.

सही : चित्रा भास्कर वैरागडे

साक्षीदार :
१. यज्ञेश्वर पिंपळापुरे, शेजारी, चौबे कॉलोनी
२. डॉ. सोनिया खोंड, पुरानी बस्ती (सही करणारी शुद्धीवर असून चिडलेली आहे, हे मी तपासले आहे.)

ठिकाण : रायपूर
दिनांक : १९ जानेवारी २०१९