डाव्या गुडघ्याची तारीख

नागपूर, ९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. प्रमोदिनीवहिनीस,
इरावतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘हव, बरी आहे’ म्हणून मोकळी होतेस, म्हणून कागदच घेतला. मे महिन्यात तुझा उजवा गुडघा बदलला, तेव्हा डावा तीन महिन्यांनी करायचा असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. शेखर म्हणतो, मम्मी दोनदा तारीख फिरवून बसली. आधी पावसाची सबब, आता घरच्या महालक्ष्म्यांची. पुढे दिवाळी आहेच. डावा असाच वाकडा राहिला तर नव्या गुडघ्यावर भार येतो, हे तुला मी सांगायला हवं का?

घाबरलीस म्हणावं, तर गेल्या वेळी भूल देणाऱ्या बाईंनाच तू धीर देत होतीस. दादाला काही विचारावं तर तो फोन तुझ्याकडेच देतो. माझी बॅग भरलेली आहे, तू फक्त दिवस सांग.

बोलले ते विसर, लोभ विसरू नकोस.
तुझी इरावती

रायपूर, १८ ऑगस्ट

चि. सौ. इरावतीस अनेक आशीर्वाद.

घाबरले नाही गं. खरं कारण शेखरलाही सांगितलेलं नाही. मे महिन्यात माझी खाट खाली आणि स्वयंपाकघर वर. पडल्या पडल्या मी तुझी पावलं ऐकत असे. दोन्ही पाय एका पायरीवर टेकल्याशिवाय तू पुढची पायरी घेत नव्हतीस. गोल बाजारातून माझे गाउन आणलेस, त्या दिवशी तर कठडा धरून आडवी उतरलीस. आणि दुखण्यावरच्या मलमाची ट्यूब पंधरा दिवसांत संपली. टाके होते तोवर मी ती लावतच नव्हते. तुझे दादाही म्हणत होते की पोट्टी काहून लपवून राहिली, तिले विचार.

मी तारीख दिली की तू येणार आणि पुन्हा तोच जिना. माझा एक गुडघा सुधारावा म्हणून तुझे दोन्ही जावेत, हे मला सोसवत नाही. आधी डॉक्टरांना दाखव, मग मी तारीख घेते. या वेळी स्वयंपाकाला आणि वरखाली करायला बीरगांवची ममता दिवसभर राहायला तयार आहे.

माया आहे तशीच आहे, लपवाछपवी तेवढी सोड.
तुझी वहिनी

नागपूर, २९ ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, आणि दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढून आले. दोन्ही गेलेत. इतके दिवस कशासाठी थांबलात, असं डॉक्टरांनी विचारलं. तुझे दोन्ही होईपर्यंत माझ्या गुडघ्यांचं नाव काढायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते त्यांना कसं सांगू? ट्यूबही मीच संपवली.

ममताला ठेव आणि सप्टेंबरची तारीख घे. मी येईन, पण तुझ्या खाटेशी बसून राहीन, जिना चढणार नाही. माझा उजवा जानेवारीत करायचा ठरला आहे. तेव्हा उशाशी मला तू हवी आहेस. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, तुला दोन्ही पाय लागतील.

वाट बघते.
तुझीच इरावती