रिकाम्या कुरणातले तिघे

मखमलाबाद, नाशिक
८ सप्टेंबर २०२४

चि. ज्ञानेश,
अ. उ. आ.

तुझ्या सुरगाण्याच्या शाळेत रेंज नाही ते बरंच. त्या निमित्ताने बहिणीचं अक्षर तरी वाचतोस. इकडे शेवंती कळ्यांवर आली आहे. माझं डोकं अधूनमधून दुखतं, चहा घेतला की थांबतं.

बातमी अशी, की भारतमामांनी जपानहून आणलेला आपला गेम माळ्यावर सापडला आणि चक्क चालू झाला! नावाड्यांच्या गावातलं ते संथ संगीत लागलं आणि मी फुलं निवडायची सोडून बसले. एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी म्हातारा वीणावाला मेला त्या दिवशी आपण दोघं जेवलो नव्हतो. आजचे गेम नुसते धावतात. इथे शत्रूसुद्धा आपण ठरवेपर्यंत थांबून राहतो. लोहाराने घाव घालायचा, की वैद्यीणबाईने स्वतःचं आयुष्य तोडून दुसऱ्याला द्यायचं, यावर आपण निवांत भांडायचो.

फक्त कॅसेट बिघडलेली दिसते. कुरणातल्या लढाईत आपले चौघे उजवीकडे उभे असतात आणि समोर नुसतं गवत. त्या रिकाम्यातून घाव बसतो, वैद्यीणबाई कोसळते. खरं सांगते, मी घाबरून टीव्ही बंद केला.

दोन ओळी का होईना, लिहीत राहा.
तुझी ताई,
रूपाली

---

सुरगाणा
१७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग पुन्हा वाचलं. त्या गेममध्ये शत्रू कायम डावीकडे उभे असतात. कॅसेट बिघडली तर सगळंच चित्र फुटतं. नेमके शत्रूच तेवढे पुसले जात नाहीत.

दुसरं म्हणजे तुझं पत्र. पहिल्या ओळीच्या डावीकडे चार बोटं जागा सुटली आहे, शेवटी शेवटी तर डावा अर्धा कागद कोरा. हे तू मुद्दाम केलंस का?

काल टेकडीवर चढून फोन केला, तर मलाच वेड्यात काढून ठेवून दिलास. एवढं कर: तीच लढाई लाव, आईला शेजारी बसव आणि तिला काय दिसतं ते विचार.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.
तुझा ज्ञानेश

---

मखमलाबाद
२५ सप्टेंबर

चि. ज्ञानेश,
अ. उ. आ.

आईला बसवलं. ती म्हणाली, तीन हायेत की गं, कोल्ह्यांवानी, शिंगं असलेले. मला गवतच दिसत होतं. थट्टा करते आहे समजून मी विषय सोडला. पण ज्ञानेश, तिने तो गेम कधी धड बघितलाच नव्हता. मग शिंगं तिला सुचली कुठून?

परवा गणेशवाडीच्या बाजारात फुलं नेताना स्कूटी रिक्षाला घासली. रिक्षावाला म्हणाला, मी तुमच्यासमोर उभाच होतो. ताटातली डावीकडची कोशिंबीर राहून जाते म्हणून आईची बोलणी खाते आहे.

दसऱ्याचा बाजार तोंडावर आहे. तो झाला की डॉक्टरांना दाखवते. बाबांना कळवू नकोस, तुला माझी शपथ.
ताई

---

सुरगाणा
२८ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र एसटीचे कंडक्टर सहादूभाऊ यांच्या हाती देतो आहे. ताईने शपथ घातली आहे, ती मी मोडतो. तिला डावीकडचं दिसत नाही, आणि दिसत नाही हेही तिला कळत नाही. स्कूटीची किल्ली काढून घ्या. ती भांडेल, भांडू द्या. उद्याच तिच्या मेंदूची तपासणी करून घ्या. बदली मास्तर आले की मी निघतोच.

आईला धीर द्या.
आपला ज्ञानेश

---

मखमलाबाद
१८ नोव्हेंबर

चि. ज्ञानेश,
अ. उ. आ.

आईने कागदाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारून दिली आहे. ती सापडेपर्यंत मान वळवायची, मग लिहायचं. एका ओळीला फार वेळ लागतो.

मेंदूतली गाठ साधी निघाली, हे तू इथे असतानाच कळलं. जे तुला सांगितलं नाही ते सांगते. किल्ली घेतली त्या दिवशी मी बाबांना फार वाईट बोलले. ते दारात बसून राहिले, हलले नाहीत.

डावीकडचं सगळं परत येईल, असं डॉक्टर म्हणत नाहीत. लोकांना वाटतं मला तिथे अंधार दिसतो. अंधार असता तर बरं झालं असतं रे, कळलं तरी असतं. मला जग पूर्णच दिसतं. जे नसतं, ते नाही हे समजत नाही. अजूनही भीती वाटते ती याचीच.

काल बाजारात रस्ता ओलांडताना कोणीतरी माझा डावा हात धरला. दचकून मान वळवली, तर बाबा. लहानपणीही त्यांनी कधी हात धरल्याचं आठवत नाही. घरापर्यंत त्यांनी हात सोडला नाही.

नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा उजवीकडून ये. लगेच दिसशील.
वाट बघणारी,
ताई