दीपगृहातलं पोर

९ मार्च, सोमवार

तिनं ते बोलायला नको होतं. आता मी काय करू!

दुपारी नेहमीसारखी वाचत होते. मशीनची खोली पलीकडे, आमचं हातकामाचं टेबल अलीकडे – तुरपाई, काजं, बटणं. दार लोटून घेतलं की माझा आवाज टेबलाच्या टोकापर्यंत जातो. माझ्या वाटचे शर्ट बाकीच्या आपसात वाटून घेतात आणि मी वाचते. साहेबांची अट एकच – हात थांबता कामा नयेत.

सध्या दीपगृहाच्या राखणदाराची कादंबरी चालू आहे. जुनी, जाडजूड, वाचनालयातून आणलेली. आज राखणदाराचा मुलगा तापानं फणफणला. बाहेर वादळ. डॉक्टरची होडी किनाऱ्यावरच अडकलेली. नेमकी तिथेच सुटीची घंटा झाली. सगळ्या हळहळल्या. थोरली – आमच्यातली सगळ्यात जुनी, तोंडाची तिखट – म्हणाली, "मेला तो नवरा! दिवा सांभाळतोय. पोराला कोण सांभाळणार?"

आणि काजवाली, जी दिवसभर तोंडातून चकार शब्द काढत नाही, ती मान खाली घालूनच म्हणाली, "ते पोर जगलं ना, तर माझंही जगेल."

तिचा मुलगा इस्पितळात आहे. ताप डोक्यात गेलाय. रात्री ही त्याच्याजवळ, दिवसा तिची बहीण. खाडे झाले तर काम जाईल, म्हणून ही इथे येऊन काजं घालते.

मी पुढचं वाचून ठेवलंय. ते पोर मरतं. पुढच्याच पानावर!

१० मार्च, मंगळवार

होडी आली.

पुस्तकात नाही आली. मी आणली. ओळीवर बोट ठेवलं, तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते भलतंच होतं – डॉक्टर ओलाचिंब, पेटी डोक्यावर धरून जिना चढतोय. पहाटे पोराचा ताप उतरला, असं वाचलं. वाचलं कसलं!

थोरलीनं डोळे पुसले. काजवालीनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

१२ मार्च, गुरुवार

एक खोटं निस्तरायला शंभर खोटी. पुस्तकात पोर गेल्यावरच आई नवऱ्याला आणि बेटाला सोडून निघते. आता पोर जिवंत आहे तर ती का जाईल? सकाळी भाजी चिरता चिरता जुळवाजुळव करत होते. तोंडानं पुटपुटले असणार. सासूबाई म्हणाल्या, "कुणाशी बोलतेस गं?"

"डॉक्टरशी."

"घरात डॉक्टर आलाय आणि मला पत्ता नाही?"

शेवटी जमलं. पोर अशक्त झालंय, बेटावर दूध नाही, औषध नाही – म्हणून आई त्याला घेऊन बहिणीकडे जाते. टेबलाला पटलं. "शहाणी आहे बाई," म्हणाल्या. पुस्तकात बिचारी शहाणी नाही, वेडीपिशी झालेली आहे. एकटीच निघते.

१३ मार्च, शुक्रवार

थोरलीला संशय आलाय. तिला अक्षर येत नाही, पण नजर घारीची. बटणं लावता लावता म्हणाली, "हल्ली तुझं बोट ओळीवरून फिरत नाही. आणि पान उलटायचंही विसरतेस."

"डोळे दुखतात."

"डोळे दुखतात तर वाच कमी. बोटाला काय धाड भरलीय?"

सगळ्या हसल्या. मीही.

काजवालीला विचारलं, कसा आहे? म्हणाली, डोळे उघडले त्यानं. पाणी प्यायला.

असं ऐकलं की वाटतं, बरं केलं. आणि लगेच दुसरं – मी कोण लागून गेले! उद्या उलटं झालं तर? तिला नुसती आशा लावून ठेवलीय मी.

१६ मार्च, सोमवार

काही वाचलं नाही. घसा बसला म्हणून सांगितलं.

१९ मार्च, गुरुवार

आज जीव जायचाच बाकी राहिला.

विद्यापीठातल्या एक बाई आल्या होत्या, टेपरेकॉर्डर घेऊन. साहेबांनीच आणलं त्यांना, मोठ्या ऐटीत – "आमच्या बायका काम करता करता पुस्तकं ऐकतात!" बाई बोलायला साध्या. म्हणाल्या, "शिकलेल्यांनी काय वाचलं ते लिहिलेलं सापडतं. पण कामकरी माणसं रोज काय वाचतात, कसं ऐकतात, त्यातलं मनात काय राहतं – हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. मी तेच गोळा करतेय. आत्ता काय चालू आहे तुमचं?"

मी तोंड उघडायच्या आत थोरलीनं ताबा घेतला. राखणदार, वादळ, ताप, सगळं साग्रसंगीत. "पोर गेलंच असतं हो, पण डॉक्टरनं होडी घातली पाण्यात! आता मावशीकडे आहे, पेज जेवतं."

बाईंच्या कपाळाला आठी. "होडी? पण मी वाचलंय ते. त्यात तर तो मुलगा–"

मी टेबलाखालून पाय मारला. त्यांना लागावा म्हणून. लागला काजवालीला! ती नुसती दचकली. मग सुई खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या पुस्तकात वेगळं असेल. आमच्यात होडी येते."

बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, "असेल. फार दिवस झाले वाचून."

जाताना जिन्यात त्यांनी मला गाठलं. टेपरेकॉर्डर बंद होता.

"तुम्ही बदललंत."

मी सगळं सांगितलं. इस्पितळ, ताप, ती काय म्हणाली ते. त्या म्हणाल्या, "हे नोंदवायला हवं. असं कुणी सांगत नाही कधी."

"तिचं पोर घरी येईपर्यंत नको. तिच्या कानावर गेलं तर?"

"मग आज जे बोलणं झालं त्यावर काय लिहू? ऐकणाऱ्यांना गोष्ट चुकीची आठवते, असं?"

"लिहा. अडाणी म्हणून लिहा. आम्हाला काय फरक पडतो!"

रागानं बोलून गेले. त्या म्हणाल्या, "थांबेन मी. तुम्ही सांगाल तेव्हा लिहीन." आणि गेल्या.

२३ मार्च, सोमवार

काजवाली आली नाही. साहेबांनी दोनदा विचारलं. थोरली त्यांच्या अंगावर ओरडली, "तिच्या वाटची काजं मी घालते, पुढे बोला!"

वाच म्हणून कुणी म्हटलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

पोर गेलं. सकाळी.

२६ मार्च, गुरुवार

तिच्या घरी जाऊन आलो, सगळ्या मिळून. एक खोली, बायकांनी भरलेली. ती भिंतीला टेकून, कोरड्या डोळ्यांनी. तिच्या बहिणीनं सांगितलं, पोर शुद्धीवर असताना ती त्याला रोज दीपगृहाची गोष्ट सांगायची. आज काय झालं ते. होडी आल्याचं सांगितलं तेव्हा तो हसला म्हणे.

मला तिथे उभं राहवेना. दाराशी आले, चपला सापडेनात. थोरली मागून आली. माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "माहीत आहे मला. रडू नकोस इथे. तिच्यासमोर तर मुळीच नको."

पुस्तक उद्या परत करणार. पुन्हा वाचणार नाही. हे नाही, कुठलंच नाही.

३० मार्च, सोमवार

पुस्तक परत केलेलं नाही. वाचनालयाच्या दारातून मागे फिरले.

६ एप्रिल, सोमवार

काजवाली कामावर आली. जागेवर बसली, सुई ओवली. थोड्या वेळानं मला म्हणाली, "वाच."

म्हटलं, "कशी वाचू? मी तुला फसवलं गं. पुस्तकात ते पोर–"

"मरतं. ठाऊक आहे मला. लहानपणी आत्यानं वाचून दाखवलं होतं. त्या दिवशी जेवले नव्हते मी." तिनं दोरा दातानं तोडला. "म्हणून तर तुझ्यापुढे बोलले, ते जगलं तर माझंही जगेल म्हणून."

सगळ्यांचे हात थांबले होते. साहेब दारात होते, तेही काही म्हणाले नाहीत.

तिनं पुढचा शर्ट ओढला.

"बरा झालाय ना आता तो? मग शाळेत घाल त्याला."